दोन देश एक झाले, तर कराराची राखण कोण करणार?

तुम्ही विचारलंय की शेजारी देशांनी कधी एकमेकांत विलीन होऊन एकच राष्ट्र व्हावं का, आणि भारत, पाकिस्तान, बांगलादेश पुन्हा एक झाले तर सगळ्यांचंच भलं होणार नाही का.

माझं उत्तर: क्वचितच व्हावं, तेही आकारानं लहान असलेल्या देशानं स्वतःहून मागितलं तरच. आपल्या उपखंडात आज तरी नको. हे मी कुणाच्या द्वेषातून म्हणत नाही. नागपुरात वाढल्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या शहरात अखंड भारताचा नकाशा माणूस लहानपणापासूनच पाहत आलेला असतो. त्यावर वाद घालायला चहाच्या टपरीवर कुणीही तयार असतं. पण याच शहरानं विलीनीकरण प्रत्यक्ष भोगलंय, आणि एकदा नव्हे. 1854 मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचं राज्य खालसा केलं, तेव्हा इथल्या कुणाला विचारलं नव्हतं. पुढे नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, वऱ्हाड त्याला जोडला गेला, 1936 मध्ये स्वतंत्र उच्च न्यायालय आलं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं मांडली गेली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली, आमचं उच्च न्यायालय मुंबईचं खंडपीठ झालं. 1960 पासून आम्ही महाराष्ट्रात आहोत.

माझे आजोबा त्या जुन्या सचिवालयात कारकून होते. फायली, कपाटं, माणसं यांची वाटणी त्यांनी डोळ्यांनी पाहिली. कोण भोपाळला, कोण मुंबईला, याच्या याद्या लागायच्या. आजोबा संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचे होते, मराठी माणसानं एका राज्यात राहावं असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि मलाही वाटतं. पण नागपूर कराराचा विषय निघाला की ते म्हणायचे, "कागद तं झाला बाप्पा, पन त्याचा राखनदार कोन?"

विदर्भानं संयुक्त महाराष्ट्रात यावं म्हणून झालेला तो करार 28 सप्टेंबर 1953 चा. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे आणि विदर्भ-मराठवाड्याचे नेते यांच्या त्यावर सह्या आहेत. निधी लोकसंख्येच्या प्रमाणात, सरकारी नोकऱ्या आणि शिक्षणातल्या जागाही त्याच प्रमाणात, वर्षातून ठरावीक काळ सरकार नागपुरात, विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे, अशी त्यातली वचनं होती. शब्द चांगले होते, देणाऱ्यांची नियत वाईट होती असंही मी म्हणणार नाही. पण वचन पाळलं नाही तर दाद कुठे मागायची, हे त्यात नव्हतं. 1955 मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली होती, ती बाजूला पडली. त्याऐवजी घटनेत अनुच्छेद 371(2) आलं, वैधानिक विकास मंडळांची तरतूद झाली. ती तरतूद 1956 ची, मंडळं प्रत्यक्ष आली 1994 मध्ये. मधल्या काळात, 1984 मध्ये, दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे कुठला भाग विकासात किती मागे राहिला ते, मोजून दाखवला. सगळ्यात मोठी खोट सिंचनात निघाली. एप्रिल 2020 मध्ये त्या मंडळांची मुदत संपली आणि ती वेळेवर वाढवली गेली नाही. आज 288 आमदारांत विदर्भाचे 62. हिवाळी अधिवेशनात टेकडी रोडवर, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर मोर्चे येऊन थांबतात, दोनेक आठवड्यांत अधिवेशन संपतं, सरकार मुंबईला परततं.

आणि हे सगळं एका भाषेच्या, एका देशाच्या, एकाच संविधानाखालच्या माणसांमध्ये झालं. इथे निदान न्यायालय आहे, निवडणूक आहे, वर केंद्र सरकार आहे. दोन सार्वभौम देश एक होतात तेव्हा त्यांच्या वर कुणीच नसतं. करार मोडला तर दाद त्याच सरकारकडे मागायची, ज्यात समोरच्याचं बहुमत आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण सोमालियाचं आहे, आणि आपल्याकडे ते फारसं कुणी वाचत नाही. उत्तरेचा ब्रिटिश सोमालीलँड 26 जून 1960 ला स्वतंत्र झाला. पाचच दिवसांनी, 1 जुलैला, तो दक्षिणेच्या इटालियन सोमालियाशी आपखुशीनं जोडला गेला. भाषा एक, धर्म एक, वंश एक. विलीनीकरणाला याहून सोपी जोडी मिळायची नाही. पण उत्तरेनं विलीनीकरणाचा जो कायदा मंजूर केला तो वेगळा, दक्षिणेनं जो मसुदा स्वीकारला तो वेगळा, आणि मागाहून 1961 मध्ये पूर्वलक्षी कायदा करून ते सांधावं लागलं. राजधानी मोगादिशू, राष्ट्राध्यक्ष दक्षिणेचे, पंतप्रधानही दक्षिणेचे. कालपर्यंत राजधानी असलेलं हार्गेसा एका प्रांताचं गाव होऊन बसलं. 1961 च्या घटनेवरच्या जनमतात उत्तरेतल्या अनेकांनी बहिष्कार टाकला, ज्यांनी मत दिलं त्यांच्यात नकार जास्त होता, तरी दक्षिणेच्या मतांवर घटना मंजूर झाली. मला सगळं बिघडलं ते इथेच असं वाटतं. दोन्हीकडची मतं एकाच पेटीत मोजली की धाकट्याचा नकार मोजलाच जात नाही. 1988 मध्ये त्याच देशाच्या विमानांनी हार्गेसावर बॉम्ब टाकले, आणि ती विमानं हार्गेसाच्याच विमानतळावरून उडत होती. 18 मे 1991 ला सोमालीलँडनं वेगळं झाल्याचं जाहीर केलं. बहुतेक देशांनी अजून त्याला मान्यता दिलेली नाही. पाच दिवसांत आत गेलेल्यांना बाहेर यायला तीस वर्षांहून जास्त काळ पुरलेला नाही.

इजिप्त आणि सीरिया फेब्रुवारी 1958 मध्ये संयुक्त अरब प्रजासत्ताक झाले. मागणी सीरियाकडूनच आली होती. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी सीरियातले राजकीय पक्ष विसर्जित करायला लावले, अधिकार कैरोत गोळा झाले, आणि सप्टेंबर 1961 मध्ये दमास्कसमध्ये लष्करी उठाव होऊन सगळं संपलं. 1964 मध्ये टांगानिका आणि झांजिबार मिळून झालेला टांझानिया टिकला. तिथे झांजिबारला स्वतःचा राष्ट्राध्यक्ष आणि स्वतःचं विधिमंडळ आहे. तरीही सुरुवातीला 11 विषय संघराज्याकडे होते, ते वाढत 22 झाले, आणि झांजिबारमध्ये त्यावरून आजही धुसफूस असते.

मग चांगलं उदाहरण नाहीच का? आहे. स्कॉटलंड 1707 मध्ये इंग्लंडशी एक झालं तेव्हा पनामातल्या डॅरिएन वसाहतीच्या अपयशानं त्याचं कंबरडं मोडलेलं होतं, म्हणजे तो बरोबरीचा सौदा नव्हता. 558 जणांच्या संसदेत त्यांना 45 जागा मिळाल्या. पण आपलं चर्च, आपला कायदा, आपली न्यायालयं, आपल्या शाळा त्यांनी हातात ठेवल्या. या संस्था रोज चालत होत्या, त्यामुळे त्या कराराची राखण मतांच्या संख्येवर अवलंबून राहिली नाही. आणि 2014 मध्ये वेगळं व्हायचं का, हे स्कॉटलंडमधल्या लोकांनाच विचारलं गेलं. सुमारे 55 टक्के लोक राहू म्हणाले. न्यूफाउंडलंड 1949 मध्ये कॅनडात गेलं, तेही तिथल्या लोकांनी 1948 मध्ये दोनदा मतदान केल्यावर, आणि दुसऱ्या वेळी बाजूनं फक्त 52 टक्के होते. जर्मनीचं 1990 चं एकीकरण बहुतेक जण पहिलं आठवतात, पण तो एकच देश चाळीस वर्षांपूर्वी तोडलेला होता. तरीही पश्चिमेच्या करदात्यांनी वर्षानुवर्षं अधिभार भरला आणि पूर्वेतले कारखाने बंद पडले. आपल्याकडचं सिक्कीम 1975 मध्ये भारतात आलं. जनमत प्रचंड बहुमतानं बाजूनं गेलं, अनुच्छेद 371फ नं विशेष संरक्षणही मिळालं. पण मतदानाच्या काही दिवस आधी आपल्या सैन्यानं चोग्यालच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, रक्षकांना नि:शस्त्र केलं होतं, आणि तो क्रम मला आजही खटकतो.

आता उपखंड. भारत 140 कोटींच्या वर, पाकिस्तान 24 कोटी, बांगलादेश 17 कोटी. एक राष्ट्र केलं तर चारातले तीन मतदार आजच्या भारतातले असतील. लाहोर किंवा ढाक्याच्या माणसानं का यावं? 62 विरुद्ध 226 चा हिशोब आम्ही अनुभवतो आहोत, त्यांचा तर याच जातीचा आणि कुणी वाली नसलेला असेल. बांगलादेशानं तर असं एकत्र राहणं भोगूनही झालंय. 1947 ते 1971 तो पाकिस्तानचा भाग होता. तिथे तर लोकसंख्या पूर्वेची जास्त होती, तरी सत्ता पश्चिमेकडे राहिली. 1952 मध्ये भाषेसाठी ढाक्यात गोळ्या झेलल्या. 1970 च्या निवडणुकीत अवामी लीगनं 300 पैकी 160 जागा जिंकल्या, तरी सरकार बनवू दिलं नाही. त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्या लोकांना पुन्हा कुणाच्या पोटात जा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

समाजवादी राममनोहर लोहिया आणि जनसंघाचे दीनदयाळ उपाध्याय यांनी 1964 मध्ये एकत्र निवेदन काढून भारत-पाक महासंघाची कल्पना मांडली होती. दोन टोकांची दोन माणसं त्यावर एक झाली, याचा मला आदर वाटतो. महासंघात प्रत्येकाचं घर शाबूत राहतं, आणि युरोपीय संघासारखं बाहेर पडायचं कलम आधीच लिहून ठेवता येतं. ब्रिटन 31 जानेवारी 2020 ला बाहेर पडलं ते भांडून, पण एक गोळी न झाडता. तरी सध्या आपल्याकडे महासंघही दूरची गोष्ट आहे. एप्रिल 2025 मध्ये पहलगामला निरपराध माणसं मारली गेली आणि अटारीचा नाका बंद झाला. दहशतवाद थांबल्याशिवाय सीमा उघडा असं मी म्हणणार नाही.

पण विलीनीकरणातून लोकांना जे हवं असतं, त्यातलं पुष्कळसं विलीन न होताही मिळतं. नेपाळशी आपला 1950 चा करार आहे. तिकडचा माणूस पासपोर्टशिवाय इकडे येतो, काम करतो, राहतो. नेपाळ स्वतंत्र देश आहे, आणि तसाच राहावा. बांगलादेशाबरोबर आपण 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री 162 छिटमहल बदलले, 111 आपले आणि 51 त्यांचे. एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाचा तुकडा अशी ती गावं होती, शाळा नाही, वीज नाही, ओळखपत्र नाही. पन्नास हजारांहून जास्त लोकांना कुठलं नागरिकत्व हवं ते विचारलं गेलं. तो करार 1974 चा, अंमल 41 वर्षांनी. उशीर लाजिरवाणा होता, पण माणसांना विचारून झालं, म्हणून मला ते उपखंडातलं या काळातलं सर्वांत चांगलं काम वाटतं.

आमच्या जरीपटक्यात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहतात. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोललात तर सीमा पुसा असं सहसा कुणी म्हणत नाही. सक्खर, शिकारपूरचं जुनं घर एकदा बघायचं असतं. व्हिसा मिळाला तरी ठरावीक शहरांचाच, वर पोलीस ठाण्यात हजेरी. तेव्हा तुम्हाला या देशांमध्ये जवळीक हवी असेल, तर शांतता झाल्यावर पहिली मागणी या व्हिसाची करा. साठीपुढच्या माणसांना जन्मगावी जायची मुभा, मग आजाऱ्यांना, मग विद्यार्थ्यांना, मग व्यापाराला. विलीनीकरणाची गोष्ट त्यानंतर ढाका किंवा लाहोरकडून निघाली, तर मी ती आनंदानं ऐकेन, आणि करार मोडल्यावर दाद कुठे मागायची ते कलम सगळ्यात आधी वाचायला मागेन.