सायटेशन मोजण्याआधी ती उघडून वाच

सोलापूर

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

एच-इंडेक्स, म्हणजे आपले पेपर इतरांनी किती वेळा संदर्भ म्हणून दिले (सायटेशन) यावरून काढलेला संशोधकाचा आकडा, कसा वाढवायचा, असं तू विचारलं आहेस. बढतीसाठी नियमात जेवढे पेपर लागतात तेवढे वेळेत कर, त्याबद्दल दुमत नाही. पण विडी कामगार महिलांच्या श्वासक्षमतेचा अभ्यास अर्धवट ठेवून तीन झटपट पेपर उरकण्याचा तुझा विचार मला अजिबात पटलेला नाही.

एच-इंडेक्स हा निर्देशांक होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. किमान सहा सायटेशन असलेले तुझे सहा पेपर असतील, पण किमान सात असलेले सात नसतील, तर तुझा एच-इंडेक्स सहा. त्यातला एखादा पेपर पाचशे जणांनी वापरला तरी आकडा सहाच राहतो. शिवाय तो वर्षांबरोबर वाढतो, कमी होत नाही. म्हणून विभागातल्या ज्येष्ठांशी तुलना करून जिवाला घोर लावून घेऊ नकोस. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, तर जर्नलचा असतो, माणसाचा नव्हे. त्यावरून संशोधकाला जोखू नये, असं २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं आहे.

तुझ्या पेपरला सायटेशन मिळालं की तो लेख उघड आणि तुझं नाव कुठे आलंय ते बघ. प्रस्तावनेत दहा जणांच्या घोळक्यात, की कुणी तुझी पद्धत उचलून पुढचं काम उभं केलं आहे? की तुला खोडून काढलंय? एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा वेकफिल्ड यांचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमधला १९९८ चा पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्याला हजाराहून जास्त सायटेशन आहेत, आणि त्यातली बहुतेक तो चूक ठरवणारी!

उलट गडचिरोली बघ. डॉ. अभय आणि राणी बंग यांचं घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. तिथे नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळाच्या घरी जाऊन वजन करतात, त्याच्या मुळाशी हे काम आहे. हा परिणाम कुठल्या निर्देशांकात बसवणार?

आता तुझ्या हातात काय आहे ते बघ. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून बाई तासन् तास विड्या वळते, तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, आणि मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. तू श्वासक्षमतेच्या चाचणीसाठी यंत्रात फुंकायला बोलावलंस की तिच्या विड्या कमी पडतात. म्हणून ती विड्या जमा करून आल्यावर जा. घाईत घेतलेली एकच फुंक धरू नकोस, नीट जमलेल्या तीन तरी हव्यात. उंची चप्पल काढून मोज, कारण अपेक्षित श्वासक्षमतेचं गणित उंचीवर चालतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत बोलणं तेलुगूत चालतं. प्रश्नावली फक्त मराठीत ठेवलीस तर भिडेखातर ‘नाही, नाही’ अशी उत्तरं येतील आणि तुझा आजाराचा आकडा खोटा पडेल.

आणखी एक. सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी घरकुल ही विडी कामगारांची वसाहत आहे. तिथल्या बायकांची घरं स्वतःची आहेत, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच जणी पाच वर्षांनीही तिथेच भेटतील. एकाच गटाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करायला अशी वस्ती सहज मिळत नाही. असा अभ्यास झाला तर तंबाखूच्या धुळीवर काम करणाऱ्याला तो टाळून पुढे जाता येणार नाही.

बाकी किरकोळ. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक काढ, फुकट मिळतो. कॉलेजचं नाव प्रत्येक पेपरात एकसारखंच लिही, नाहीतर तुझंच काम दोन नावांवर विभागलं जातं. ‘आठवड्यात छापतो, फी भरा’ अशा मेलना उत्तर देऊ नकोस. ज्यांनी काम केलं नाही त्यांचं नाव लेखकांत घालण्याचा आग्रह झाला, तर आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखक कोणाला म्हणावं याचे चार निकष छापून नम्रपणे पुढे ठेव. ते अवघड जाईल, मला माहीत आहे, तरी ठेव.

तेलुगू प्रश्नावलीचा मसुदा आणि आत्तापर्यंतच्या चाचण्यांचे आलेख या रविवारी घेऊन ये. नमुना किती मोठा हवा, ते आपण दोघं बसून काढू.

तुझा,
सर