वाट पाहताना थांबवलेले घड्याळ

पावसाळा सरत आला की ठाण्याच्या नौपाड्यातील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक तक्रार ठरल्यासारखी येऊ लागते. जानेवारीतील तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनचा सराव तेव्हा रंगात आलेला असतो, आणि एकमेकांना वेळ देता यावा म्हणून ४२.१९५ किलोमीटरचा संकल्प केलेले नवरा-बायको समोर बसून विचारतात, "आमचा धावण्याचा पेसच जुळत नाही, मग आमचं तरी जुळतं का?"

अशाच एका जोडप्याची हकिकत, ओळखीच्या खुणा बदलून, सांगते. दोघेही चाळिशीच्या आसपासचे. आठवडाभर उपवन तलावापाशी आणि रविवारी पाम बीच मार्गावर धावणारे. ती त्याच्यापेक्षा किलोमीटरमागे दीड मिनिट जास्त घेई. तो म्हणे, "मी प्रत्येक सिग्नलला हिच्यासाठी थांबतो, तरी हिचं तोंड उतरलेलंच." ती म्हणे, "हा थांबतो, म्हणूनच मला पुढे धावावंसं वाटत नाही."

पहिल्या दोन बैठका वेगाच्या चर्चेतच गेल्या. पुरुषांचे हृदय सरासरीने मोठे असते, रक्तातील हिमोग्लोबिन जास्त असते, जगातल्या सर्वोत्तम धावपटूंमध्येही स्त्री-पुरुषांच्या वेळेत साधारण दहा टक्क्यांचे अंतर राहते, हे मी समजावले. दोघांनी मान डोलावली आणि पुढच्या रविवारी पुन्हा भांडून आले. तिसऱ्या बैठकीत मी त्याला विचारले, "थांबता म्हणजे नेमकं काय करता?"

"उभा राहतो. पाणी पितो. घड्याळ पॉज करतो."

"घड्याळ कशासाठी?"

"नाहीतर माझं ॲव्हरेज बिघडतं ना."

इतका वेळ खिडकीबाहेर पाहत असलेली ती वळली. "मी पोचले की याच्या मनगटावर बीप वाजतो. दर रविवारी. तो ऐकला की वाटतं, आता याचं धावणं पुन्हा सुरू झालं. मधे मी आले, ते कुठे धरलेलंच नाही."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो हळूच म्हणाला, "तो आवाज तुला ऐकू जात असेल असं कधी वाटलंच नाही गं."

इतक्या वर्षांच्या कामात मला कळलेली सर्वांत मोलाची गोष्ट मी या आवाजापाशी ठेवीन. त्याचे थांबणे खरे होते, त्यामागची काळजीही खरी होती. परंतु जो वेळ तो स्वतःच्या हिशेबातून वगळत होता, त्याच वेळेबद्दल तिने कृतज्ञ असावे अशी त्याची अपेक्षा होती. मी ज्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या विचारसरणीने काम करते तिचे प्रणेते अल्बर्ट एलिस यांनी इच्छा आणि आग्रह यांत केलेला भेद येथे अगदी लागू पडला. "तिच्याबरोबर धावायला आवडेल" ही त्याची इच्छा होती, "पण माझ्या वेळेला धक्का लागताच कामा नये" हा आग्रह. आग्रह तिच्याकडेही होता: माझ्यावर प्रेम असेल तर त्याने न सांगता वेग उतरवलाच पाहिजे. दोघांनी आपापला आग्रह स्वतःच्या तोंडाने उच्चारला, तेव्हाच तो सैल झाला.

त्यानंतर आणखी एक गोष्ट उघड झाली. त्याचा गजर पाचचा होता आणि तिचा चारचा, कारण मुलांचे डबे करून मगच ती बूट घालत असे. जोडप्यांनी पेसचे तक्ते काढण्याआधी हे गजर तपासावेत, असे मी कळकळीने सांगेन.

आठवड्यातील धावणे ज्याने त्याने आपल्या वेगाने करावे, आणि रविवारचा लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचा सराव, मात्र मंद असणाऱ्याच्या वेगाने, पूर्ण वाक्य दम न लागता बोलता येईल इतका सावकाश. यात वेगवान जोडीदार त्याग करत नसतो, कारण लाँग रन सावकाशच धावायचा असतो. कितव्या किलोमीटरपर्यंत सोबत राहायचे, एकाच्या पायात गोळा आला तर दुसऱ्याने काय करायचे, शर्यतीनंतर कुठे भेटायचे, हे आधी लिहून ठेवावे. तीस किलोमीटरच्या आसपास स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा खालावतो आणि चिडचिड वाढते. त्या टप्प्यावरचे शब्द घरी आणू नयेत.

डिसेंबरातल्या बत्तीस किलोमीटरच्या सरावात त्याला राहवले नाही आणि तो सुरुवातीला पुढे निघून गेला. पुरुष पूर्वार्धात जोर लावून उत्तरार्धात अधिक मंदावतात आणि स्त्रिया वेग त्यामानाने एकसारखा राखतात, असे मॅरेथॉनच्या निकालांच्या अभ्यासांत दिसते. अठ्ठाविसाव्या किलोमीटरला तेच घडले. ती मागून आली आणि त्याच्या बाजूने चालू लागली. तिचे घड्याळ चालूच होते, हे त्यानेच मला दोनदा सांगितले.

२१ जानेवारी २०२४ रोजी पेडर रोडचा चढ त्यांनी आधी ठरवल्याप्रमाणे चालत पार केला आणि शेवटची रेषा एकत्र ओलांडली. आठवड्यातून तीन दिवस डबे आता तो करतो.

ही तक्रार घेऊन कोणी आले की वाट पाहताना घड्याळ चालू असते का, हे मी वेगवान जोडीदाराला पहिल्याच बैठकीत विचारते, आणि तो उत्तर देत असताना दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहते.