पॅरामिकोमध्ये आधी 'सीडी' केलं तरी पुढची कमांड होम फोल्डरमध्येच का चालते?

तुमची अडचण अशी आहे: पायथनमधून पॅरामिको (दूरच्या मशिनवर कमांड चालवायची लायब्ररी) वापरून दूरच्या लिनक्स सर्व्हरवर आधी 'सीडी' (फोल्डर बदलायची कमांड) पाठवता, मग 'टार' (फाइली एकत्र बांधायची कमांड). एरर काहीच येत नाही, पण बॅकअप होतो तो होम फोल्डरचा. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचे सर्व्हर सांभाळतो. याच चुकीपायी माझा तीन आठवड्यांचा बॅकअप गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक्झेक-कमांड हे फंक्शन दर वेळी त्याच एसएसएच (सुरक्षित रिमोट लॉगिन) कनेक्शनवर नवं चॅनेल उघडतं. पलीकडे नवं शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) सुरू होतं, तेवढी एक कमांड चालवतं आणि संपतं. निपाणीच्या तंबाखू वखारीत फोन करून 'मागच्या खोलीत जा' म्हणालात आणि फोन ठेवलात, असं समजा. पुन्हा फोन केलात तर उचलणारा दुसराच कोणीतरी असतो आणि तो दाराशीच उभा असतो. 'एक्स्पोर्ट' केलेल्या व्हेरिएबलचंही तेच होतं, पुढच्या कमांडपर्यंत ते पोचत नाही.

म्हणून दोन्ही कमांड एकाच ओळीत, एकाच वेळी पाठवा. मधे मात्र अर्धविराम (;) घालू नका, दोन अँपरसँड (&&) घाला. मी अर्धविराम घातला होता. आमच्या फोल्डरला शहराच्या नावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग होतं. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी नाव बेळगावी झालं, कागदपत्रं हळूहळू बदलत गेली आणि कधीतरी एका सहकाऱ्याने फोल्डरचं नावही बदललं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. त्या दिवसापासून 'सीडी' फसायला लागलं, अर्धविरामामुळे 'टार' तरीही चालत राहिलं आणि रोज रात्री एक फाइल तयार होत गेली. तारीख बरोबर, आत होम फोल्डर. अकाउंट्सवाल्यांनी कास्टिंगची जुनी बिलं मागितली तेव्हा कळलं. दोन अँपरसँड असते तर 'सीडी' फसताच काम तिथेच थांबलं असतं. आणि 'टार'च्या जागी फाइली पुसणारी कमांड असती तर काय झालं असतं, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

आता एरर का दिसत नाही ते. पलीकडची कमांड फसली म्हणून पायथन एक्सेप्शन देत नाही. फंक्शन तीन गोष्टी परत देतं: एसटीडी-इन, एसटीडी-आउट, एसटीडी-एरर. तक्रार तिसरीत पडून असते, आपण ती वाचतच नाही. शिवाय फंक्शन कमांड संपायची वाट न बघता लगेच परत येतं. तेव्हा एसटीडी-आउटच्या चॅनेलवर 'रिसीव्ह-एक्झिट-स्टेटस' (recv_exit_status) बोलवा, ते कमांड कशी संपली याचा आकडा देतं. शून्य म्हणजे ठीक. 127 म्हणजे कमांड सापडली नाही. बहुतेक वेळा प्रोफाइल फाइल वाचली न गेल्याने पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) अपुरा असतो, तेव्हा कमांडचा पूर्ण पत्ता द्या. 'टार' 1 देतं तेव्हा वाचत असताना एखादी फाइल बदललेली असू शकते. 2 आला तर बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

क्रम सांभाळा. आधी आउटपुट पूर्ण वाचा, मग स्टेटस घ्या. चॅनेलची विंडो (न वाचलेला डेटा मावण्याची जागा) डीफॉल्टने 2 एमबीच्या आसपास असते. 'टार'ला प्रत्येक फाइलचं नाव छापायला सांगितलंत आणि न वाचताच स्टेटसची वाट बघत बसलात, तर विंडो भरल्यावर दोन्ही बाजू एकमेकांसाठी अडून राहतात. एरर आउटपुटमध्येच वळवली की एकच प्रवाह वाचावा लागतो. मी तेच करतो.

वाचलेलं बाइट्समध्ये येतं, यूटीएफ-8 म्हणून डीकोड करा. आपल्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही नावांच्या फाइली असतात; एखादं नाव जुन्या एन्कोडिंगचं निघालं तर सगळी स्क्रिप्ट पडू नये म्हणून डीकोडला 'रिप्लेस'चा पर्याय द्या.

पावसाळ्यात खानापूरकडे लाइट गेली की कनेक्शन तुटतं, म्हणून लांबलचक काम 'नोहप'ने (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारी कमांड) सोडा आणि आउटपुट फाइलमध्ये घ्या.

बदल केल्यावर मुद्दाम चुकीचं फोल्डर देऊन स्क्रिप्ट एकदा चालवा. तरीही स्टेटस शून्यच आला, तर तुमची पूर्ण ओळ इथे टाका, मी बघतो.