जुन्या बेंच ग्राइंडरच्या डाव्या बाजूचा नट कुठे मिळेल?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. वडिलांच्या वेळचा सहा इंची ग्राइंडर, डाव्या चाकाचा नट हरवलेला, चोपड्यातली दुकानं फिरून झाली, जळगावहून अर्ध्या इंचाचा नट आणला तर तो पहिल्या आट्यालाच अडला, आणि आता नवीन मशीन घ्यावं का असं विचारताय. नवीन अजिबात घेऊ नका. जुन्या ग्राइंडरच्या बेअरिंगात आणि मोटरीच्या तांब्याच्या तारेत जो जीव असतो तो आजच्या स्वस्त मशीनमध्ये नसतो. पण नट शोधत फिरणंही आता थांबवा. तो करून घ्यायचा असतो, आणि त्याचं माप तुमच्या मशीनवरच, उजव्या बाजूला बसलेलं आहे.

जळगावच्या दुकानदाराने तुम्हाला फसवलं नसावं. त्याने माप बरोबर दिलं असेल, आटे चुकले. बेंच ग्राइंडरच्या डाव्या टोकाला उलटे आटे असतात. चाकाची वरची बाजू आपल्याकडे येते, आणि मोटर झटक्यात सुरू होताना जड चाक क्षणभर मागे राहतं. त्या ओढीने नट आवळला जावा, सुटू नये, म्हणून उजव्या टोकाला साधे आणि डाव्या टोकाला उलटे आटे कापतात. डावीकडे कसाबसा सरळ आट्याचा नट बसवलाच, तर बटण दाबल्यावर तो हळूहळू मोकळा होत जाईल. आपल्याकडच्या पन्नास सायकलच्या विजेवर ही मोटर मिनिटाला २८५० फेऱ्यांच्या आसपास फिरते. सहा इंची चाकाचा काठ तेव्हा सेकंदाला बावीस-तेवीस मीटर पळत असतो. ते चाक सैल झालं तर काय होईल हे लिहीत बसत नाही.

खात्री करायची असेल तर शाफ्टचं टोक उभं आहे असं समजून आट्यांचा तिरकेपणा बघा. उजवीकडे चढत गेले तर साधे, डावीकडे चढत गेले तर उलटे. सायकलच्या डाव्या पायडलला हाच प्रकार असतो.

मी पारोळ्याजवळ विळे, कोयते, औतांचे फाळ यांचं काम करतो. शिकाऊ होतो तेव्हा ह्याच उलट्या आट्यांनी मला रडवलं होतं. डावं चाक बदलायचं होतं. नट सुटेना, म्हणून मी पान्याला तीन फुटी पाइप अडकवला आणि अंगचं बळ लावलं. सोडतोय असं वाटत होतं आणि आवळत होतो. शेवटी कट्ट असा आवाज आला, निम्मे आटे नटासोबत निघून आले. दुकानात भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेले एक टर्नर मामा येऊन बसायचे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "उलटा आटा शेतस भाऊ, जोर नको लावू." जोर लावून झाला होता. पण त्यांनी तेव्हा जे सांगितलं ते मी आजही वापरतो: ग्राइंडरसमोर उभं राहायचं, पाना नटावर वरच्या बाजूने उभा लावायचा. आपल्याकडे ओढला की सुटतो, पलीकडे ढकलला की आवळतो. दोन्ही बाजूंना हेच. डावं-उजवं आठवत बसावं लागत नाही.

आता माप. उजव्या बाजूचा नट काढा (पाना आपल्याकडे). बहुतेक ग्राइंडरला दोन्ही टोकांचा व्यास आणि आट्यांची संख्या एकच असते, फक्त दिशा वेगळी. तरी व्हर्नियरने दोन्ही टोकं मोजून घ्या. १२.५ ते १२.७ मिलिमीटर आलं तर अर्धा इंच, म्हणजे आपले चार सूत. ११.८ ते १२ आलं तर बारा एमएम. १५.८ च्या जवळ आलं तर पाच सूत, आणि सोळाला अगदी टेकलं तर सोळा एमएम. झिजलेला शाफ्ट थोडं कमीच दाखवतो, जास्त कधी दाखवत नाही, हे लक्षात ठेवा. तुमचं मशीन वडिलांच्या वेळचं आहे म्हणजे सुताचं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण कारखान्यांतल्या आटे पाडायच्या डाय आणि टॅप काही कायद्याबरोबर बदलल्या नाहीत. इंची आटे त्यानंतरही खूप वर्षं चालत राहिले.

व्यास कळला तरी अर्धंच काम झालं. अर्ध्या इंचात व्हिटवर्थ म्हणजे बीएसडब्ल्यू हा जुना ब्रिटिश आटा असेल तर इंचाला १२ आटे, अमेरिकन यूएनसी असेल तर १३. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. बारीक आट्यांचे प्रकार आणखी वेगळे, ब्रिटिश बीएसएफला १६ आणि अमेरिकन यूएनएफला २०. बारा एमएमला साधा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.७५ मिलिमीटरचा असतो. पिच मोजायचं गेज नसेल तर उजवा नट खिशात टाकून हार्डवेअरच्या दुकानात जा आणि म्हणा, ह्यात जाणारा बोल्ट दाखवा. बोल्ट दोन बोटांनी, पान्याशिवाय, नटाच्या दुसऱ्या तोंडाबाहेर आला पाहिजे आणि खुळखुळला नाही पाहिजे. दोन-तीन आटे जाऊन घट्ट होत असेल तर तो बाराचा-तेराचा घोळ आहे, जबरदस्ती करू नका, दुसरा बोल्ट मागा. पाच सुतात हा घोळ कमी आहे, कारण तिथे व्हिटवर्थ आणि यूएनसी दोन्हींना ११ आटेच असतात, फरक फक्त आट्याच्या कोनाचा: ५५ अंश आणि ६० अंश.

बोल्ट सापडला की तो विकत घ्या. आता गंमत बघा. घरी येऊन तो बोल्ट डाव्या शाफ्टला समांतर लावून धरा आणि उजेडाकडे बघा. साधा बोल्ट आणि उलट्या आट्याचा शाफ्ट एकमेकांत दात्यासारखे तंतोतंत बसतात. मध्ये उजेड दिसला नाही तर डाव्या बाजूचाही पिच तोच, हे नक्की झालं.

मग लेथवाला. जळगावच्या एमआयडीसीत, धुळ्यात, भुसावळला भरपूर आहेत. पण मी तुम्हाला जिनिंगची किंवा ऑइल इंजिनची कामं करणारा जुना टर्नर शोधायला सांगेन. नुसती नळाची फिटिंग कापणारा पोरगा उलटे आटे म्हटल्यावर डोकं खाजवेल. अर्ध्या इंचाच्या भोकात आतून आटे कापायला टूल बारीक लागतं आणि हात शांत लागतो. जुन्या लेथचा लीड स्क्रू (आटे कापताना टूल सरकवणारा लांब आटेदार दांडा) इंची असेल तर १२ आटे सहज लागतात. लीड स्क्रू मेट्रिक असेल तर त्याच्याकडे १२७ दात्यांचा गिअर आहे का विचारा. पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर, म्हणून तो आकडा. कुणी म्हणालं, "डावा टॅप आणून द्या, मारून देतो," तर तसा टॅप मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात मिळतो, पण एका नटासाठी तेवढा खर्च करण्यात अर्थ नाही.

फोटो नेऊ नका, मोबाइलवर माप पाठवू नका. अख्खा ग्राइंडर मोटरसायकलला बांधून न्या. झिजलेल्या शाफ्टचं पुस्तकी माप उपयोगाचं नसतं. टर्नरने नट कापत-कापत त्याच शाफ्टवर लावून बघायचा असतो. आट्यांत कचरा, गंज असेल तर आधी डिझेल आणि वायर ब्रश, आणि एखादा आटा दबलेला असेल तर तिकोनी कानशीने हलक्या हाताने.

टर्नरला दोन गोष्टी बजावून सांगा. हेक्स बार (षटकोनी सळई) उजव्या नटाच्याच मापाचा घ्यायचा, म्हणजे एकाच पान्यात दोन्ही बसतील, आणि नटाची जाडीही तेवढीच ठेवायची. दुसरं, आटे आणि फ्लँजवर (चाकाला बाजूने दाबून धरणाऱ्या चकतीवर) टेकणारं तोंड एकाच पकडीत कापायचं. नट उलटा धरून नंतर तोंड घेतलं की ते किंचित तिरकं होतं, मग चाक एका बाजूला दाबलं जातं आणि तुम्ही बेअरिंगला दोष देत बसता. शिवाय नटाच्या सहाही कोपऱ्यांवर बारीक खाच मारून घ्या. वेल्डिंगच्या ॲसिटिलीनच्या नटावर असते तशीच. ती खाच म्हणजे उलटे आटे, पुढे कुणीही हात लावला तरी त्याला कळेल.

बसवताना चाकाच्या दोन्ही बाजूंना कागदी चकत्या असल्या पाहिजेत, नसतील तर पुठ्ठ्याच्या कापा. फ्लँज दोन्हीकडे सारखेच आणि चाकाच्या किमान एक तृतीयांश व्यासाचे हवेत. चाक बोटात अडकवून लाकडी मुठीने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर फेकून द्या. नट बेताने आवळा, पाइप लावून नव्हे (माझी गोष्ट वर आहेच). पहिल्यांदा चालू करताना बाजूला उभं राहून मिनिटभर मोकळं फिरू द्या.

तोवर ग्राइंडर अडून राहिला असेल तर डावं चाक आणि फ्लँज काढून ठेवा आणि उजवीकडे काम चालवा. फक्त उघड्या शाफ्टवर गार्ड राहू द्या. खांद्यावरचा बागायती रुमाल त्यात गुंडाळायला एक क्षण पुरतो.

आणि टर्नरकडे गेलाच आहात तर एक नाही, दोन नट करून घ्या. गिअर एकदा लागले की दुसऱ्याला फारसा वेळ लागत नाही. दुसरा तारेत ओवून स्टँडच्या पायाला बांधून ठेवा.