दूध गाळणकागदातून सहज जातं, सगळीकडे सारखं दिसतं. मग ते द्रावण का नाही? आठवीतल्या मुलीला घरी कसं दाखवता येईल?

गाळून हा फरक कळणारच नाही. साध्या गाळणकागदाची छिद्रं काही मायक्रोमीटरची असतात (१ मायक्रोमीटर म्हणजे १००० नॅनोमीटर). दुधातले केसिन या प्रथिनाचे कण साधारण ५० ते ३०० नॅनोमीटरचे, त्यामुळे ते आरामात पार होतात. मिठाचे आयन तर १ नॅनोमीटरपेक्षाही लहान. दोन्ही गाळणीतून जातात, पण प्रकाश मात्र केसिनच्या कणांवर विखुरतो. असे न विरघळलेले, पण तळाशी न बसणारे सूक्ष्म कण असलेलं मिश्रण म्हणजे कलिल, आणि ते ओळखायची खरी खूण हे प्रकाश विखुरणंच, म्हणजे टिंडाल परिणाम.

तीन सारखे, पारदर्शक काचेचे ग्लास घ्या. प्रत्येकात २०० मिली पाणी. पहिल्यात चमचाभर मीठ, दुसऱ्यात दुधाचे चार-पाच थेंब, तिसऱ्यात चमचाभर खडूची पूड. ढवळून दहा मिनिटं ठेवा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातील. मग खोलीत अंधार करून लेसर पॉइंटरचा किरण ग्लासातून आडवा सोडा आणि बाजूने बघा. लेसर कुणाच्याही डोळ्यावर जाऊ देऊ नका, काचेवरून परावर्तित झालेलासुद्धा. दुधाच्या ग्लासात किरणाचा मार्ग स्पष्ट दिसेल. मिठाच्या ग्लासात दिसू नये. खडू गढूळ दिसेल आणि हळूहळू तळाशी बसेल: ते निलंबन.

फसतं ते बहुधा दोन ठिकाणी. दूध जास्त पडलं तर प्रकाश इतक्या वेळा विखुरतो की रेषा न दिसता अख्खा ग्लासच उजळतो. आणि मिठाच्या पाण्यातही पुसट रेषा दिसली तर गोंधळू नका. बाजारच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेला पदार्थ काही वेळा पाण्यात विरघळत नाही. ते पाणी गाळणकागदातून दोनदा गाळा, बराच फरक पडेल. खडूऐवजी अंगणातली माती मात्र वापरू नका. तिच्यातले चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण दिवसभर तरंगत राहतात, आणि मुलीला वाटेल निलंबन खाली बसतच नाही. त्या कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की तिच्यातले ॲल्युमिनिअमचे आयन तो प्रभार निष्प्रभ करतात, कण एकत्र येऊन खाली बसतात.

दुधात लिंबू पिळल्यावरही असंच काहीसं घडतं: आम्लता वाढून पीएच ४.६ च्या आसपास आला की केसिनच्या कणांवरचा प्रभार संपतो आणि दूध फाटतं. मिठाच्या द्रावणात लिंबू पिळून पाहा, खाली काहीच बसणार नाही.

परीक्षेत दूध 'विषमांगी मिश्रण, कलिल' असंच लिहायला सांगा. त्यातली लॅक्टोज साखर मात्र पाण्यात पूर्ण विरघळलेली असते, हेही तिला सांगून ठेवा.