वाचकांचे प्रश्न : अडीच सेकंदांची मेमरी आणि कानबाईचं गाणं

नव्वदीच्या दशकातल्या हिप-हॉपबद्दल खान्देशातून आलेल्या प्रश्नांपैकी काहींना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मन्हा बीटमा दमच येस नही! नव्वदीतल्या न्यूयॉर्कच्या बीटमधले ड्रम कसे जाड, खरखरीत लागतात. मी मोबाइलवर ढोल रेकॉर्ड केला, लॅपटॉपवर १२ बिट केला, तर तो नुसता फाटका वाजतो. (शिरपूर)

फाटका वाजतोय तो बहुतेक मोबाइलमुळे. ढोलाजवळ फोन धरला की माइक आधीच ओव्हर होतो आणि एकदा फाटलेला आवाज नंतर कशानेही शिवता येत नाही. शिवाय फोनचा ऑटो गेन पहिल्या ठोक्यानंतर आवाज दाबतो. दोन-तीन मीटर लांब उभे राहा, ऑटो गेन बंद करता येणारं ॲप वापरा, पीक (आवाजाचं सर्वांत वरचं टोक) उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, फाइल वेव्ह ठेवा.

आता खरखरीचं. नुसतं १२ बिट करून ती येत नाही. पीट रॉकसारख्या बीट बनवणाऱ्यांच्या हाताखालचं ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे सॅम्पलर यंत्र (आवाजाचा तुकडा, म्हणजे सॅम्पल, भरून पुन्हा वाजवणारं) १९८७ सालचं : १२ बिट, सॅम्पलिंग रेट (सेकंदाला किती नमुने) २६.०४ किलोहर्ट्‌झ, एकूण मेमरी जेमतेम १० सेकंद, आणि एक सॅम्पल फार तर अडीच सेकंदांचं. हिशेब करून पाहा. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा होतो, म्हणजे अख्खा बारसुद्धा त्यात मावत नाही. म्हणून ३३⅓ ची तबकडी ४५ वर फिरवून भरून घ्यायची आणि मग यंत्रात सूर खाली ओढायचा. वेग १.३५ पट, सूर सुमारे ५.२ सेमीटोन वर. अडीच सेकंदांत मूळचे ३.३७ सेकंद बसले. सूर खाली आणताना हे यंत्र मधल्या जागा गुळगुळीत भरत नसे, तेच नमुने पुन्हा वाचून वेळ मारून नेई. त्यातून वरच्या पट्टीत जो किरकिरा कचरा गोळा व्हायचा, तीच तुमची खरखर.

लॅपटॉपवर क्रम महत्त्वाचा. आधी वेग १.३५ पट करा. मग बिटक्रशरमध्ये (आवाज मुद्दाम खडबडीत करणारं प्लगिन) १२ बिट आणि २६ किलोहर्ट्‌झ लावून फाइल नव्याने काढा. शेवटी वेग ०.७४ पट करून जागेवर आणा. यात दोन ठिकाणी माणसं फसतात. एक, सॉफ्टवेअर ‘सूर तोच ठेवून वेग बदल’ असं काही करत असेल तर ते बंद करा, नाहीतर ठोका चिखलासारखा पसरतो. दोन, साध्या रिसॅम्पलिंगने काम होत नाही. आजची सॉफ्टवेअर इतकी सफाईदार आहेत की कचरा गाळून टाकतात. क्रशरमधला स्मूदिंग फिल्टर बंदच हवा.

प्रश्न : स्विंग किती ठेवावा? ६६ वर ठेवला तर बीट वरातीतला वाटायला लागतो. (जळगाव)

वाटणारच. स्विंग म्हणजे मधला ठोका किंचित उशिरा पाडणं : ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ म्हणजे जवळपास तीनचे भाग. तिथे सगळं खेमट्याच्या चालीवर जातं. ९० बीपीएमला दुसरा सोळांश (ठोक्याचा पाव भाग) ५० टक्क्यांवर १६७ मिलिसेकंदाला पडतो, ५४ वर १८० ला, ६२ वर २०७ ला. डोकं हलायला लागतं ते ५४ ते ६० मध्येच. अकाईच्या एमपीसी-६० या पॅड बडवून बीट बनवायच्या यंत्रात (१९८८) रॉजर लिन यांनी हा टक्क्यांचा हिशेब बसवला, तोच आज बहुतेक ॲपमध्ये आहे. स्विंग पूर्ण हायहॅटला लावा, किकला थोडा कमी, स्नेअर सरळ. सगळ्यांना सारखाच लावला की बीट लंगडतो.

बीटमेकर जे डिलाची गोष्ट याच्याही पुढची. १९९५ च्या ‘द फारसाइड’ या रॅप गटाच्या अल्बमवर त्याचं काम ऐका : एकाच बारमध्ये एक वाद्य वेळेवर, दुसरं रेंगाळलेलं. ते टक्क्यांत सापडत नाही, बोटांनीच वाजवावं लागतं. त्याची एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

प्रश्न : प्रीमिअर मोठा की पीट रॉक? आणि सुरुवात कोणत्या अल्बमपासून करावी? (अमळनेर)

सुरुवात रॅपर नासच्या १९९४ च्या ‘इलमॅटिक’पासून. दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत, आणि त्यात डीजे प्रीमिअर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप आणि एल.ई.एस. असे बीट बनवणारे पाच हात. एकाच आवाजाखाली पाच जणांची कारागिरी शेजारी शेजारी ठेवून तपासायला यापेक्षा सोयीचं काही नाही. प्रीमिअर सॅम्पलचे अगदी छोटे तुकडे पाडून पॅडवर नव्याने वाजवतो आणि कोरसच्या जागी जुन्या ओळी स्क्रॅच करतो. पीट रॉक लूपला (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्याला) श्वास घेऊ देतो, बास गाळून जाड करतो, वर पितळी वाद्यं ठेवतो. आमचं मत प्रीमिअरच्या बाजूने. कारण त्याच्या बीटवर रॅपरला जागा जास्त मिळते. धुळेकरांनी भांडायला हरकत नाही.

सॅम्पल किती बदलावं याचा धडा हवा असेल तर मॉब डीप या रॅप जोडीचं १९९५ चं ‘शूक वन्स, पार्ट टू’ ऐका. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकचा पियानो जोडीतल्या हॅवकने असा कापला आणि मंद केला की ऐकणाऱ्यांना मूळ सापडायला २०११ साल उजाडलं. रॅपर-निर्माता डॉ. ड्रे मात्र दुसऱ्या वाटेने गेला : ‘द क्रॉनिक’साठी (१९९२) जुन्या चाली वादकांकडून पुन्हा वाजवून घेतल्या.

प्रश्न : हेडफोनवर बास भारी, मोबाइलवर गायब. (चाळीसगाव)

मोबाइलचा स्पीकर २०० हर्ट्‌झच्या खाली जवळपास काही देत नाही. बासच्या ट्रॅकवर थोडं सॅच्युरेशन (आवाजाची हलकी विकृती) द्या, म्हणजे वरचे स्वरांश ऐकू येऊन कान खालचा सूर भरून काढतो. सॅम्पल १८० च्या खाली कापा, नाहीतर ते बासशी भांडतं. आणि डीजेच्या गाडीवर वाजवायचं असेल तर १२० च्या खालचं सगळं मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज).

प्रश्न : आजीच्या कॅसेटवरचं कानबाईचं गाणं सॅम्पल केलं तर चालेल? ते तर परंपरेनं आलेलं. (पारोळा)

खान्देशच्या कानबाई देवीचं गाणं परंपरेचं, पण कॅसेट कुणीतरी काढलेली असते. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. कुणाची रचना असेल तर रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. सूर बदलला, वेग बदलला म्हणून सुटका होत नाही. अमेरिकेत १९९१ च्या डिसेंबरमध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागला, तेव्हापासून तिकडे परवानगीशिवाय सॅम्पल काढणं महागात पडायला लागलं.

सोपा मार्ग असा : श्रावणात रोटांच्या (कानबाईच्या नैवेद्याच्या) वेळी घरच्या बायका गातात तेव्हा विचारून, साध्या कागदावर सही घेऊन स्वतःच रेकॉर्ड करा. टाळ्या नसलेला एक फेरा वेगळा मागून घ्या. टाळ्यांचा ताल कापलेल्या तुकड्यांत आडवा येतो. गाणं मेट्रोनोमवर नसणार, तेव्हा अख्खं लूप करायला जाऊ नका. श्वासाच्या जागी कापा, एकेक ओळ पॅडवर टाका.

प्रश्न : मे महिन्यात लॅपटॉप तापून आवाज कटकट करतो. (भुसावळ)

वाजवताना बफर (आवाज तयार करायला लॅपटॉपला मिळणारी सवड) १२८ ठेवा, मिक्सला ५१२ करा. ५१२ वर वाजवायला गेलात तर पॅड ४४.१ किलोहर्ट्‌झला निदान १२ मिलिसेकंद उशिरा बोलतो आणि तुम्ही नकळत घाई करता. झालेले ट्रॅक फ्रीझ करून (तयार आवाजात बदलून) टाका. माइक सुरू असताना कूलर बंद. त्याची घरघर मिक्समधल्या कॉम्प्रेसरनंतर (तो हळू आवाज वर उचलतो) दुप्पट वर येते, तेव्हा रेकॉर्डिंग पहाटेच उरका.