मेलेले माकड आणि शून्याचा रकाना

नव्या साथी वेळेत ओळखण्याच्या देशाच्या तयारीवर मागच्या वेळी लिहिले, त्यावर बरीच पत्रे आली. पाच जणांना इथे उत्तरे देतो. नावे गाळली आहेत.

काजूच्या भाटात फेब्रुवारीत एक माकड मरून पडलेले दिसले. कामगारांनी लगेच खड्डा काढून पुरले. ठीक केले ना? (बागायतदार, सत्तरी)

तुमच्या माणसांचा हेतू चांगलाच होता, पण माकडाबरोबर खबरही पुरली गेली. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडे मरू लागली, त्याच सुमारास आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणली आणि पुण्याच्या विषाणू संशोधकांनी त्या दोहोंचा धागा जुळवला. तोच माकडताप २०१५ मध्ये सत्तरीत आढळला. माकड मरते, अंग थंड पडते, तशा गोचिडी त्याला सोडून भोवतालच्या पातेऱ्यात (पाचोळ्यात) उतरतात आणि पुढच्या रक्ताची वाट बघतात. मग बोंडू वेचायला कुणीतरी वाकते. गोचिडीची पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी, चावली तरी कळत नाही.

पुढच्या वेळी हात न लावता जागा लक्षात ठेवा, तिकडे माणसे-गुरे जाऊ देऊ नका आणि त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा आरोग्य केंद्राला फोन करा. ‘उद्या बघू’ म्हणू नका. सडलेल्या माकडाचा तपासणीला फारसा उपयोग होत नाही. नमुने घेऊन झाले की आसपास मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पूड मारतात. कामगारांनी भाटात जाताना हातापायांना गोचिडी दूर ठेवणारे डीईपीए तेल चोळावे, पातेऱ्यावर बसू नये आणि घरी येताच गरम पाण्याने साबण लावून आंघोळ करावी. या तापावरची जुनी लस कर्नाटकाने २०२२ मध्ये बंद केली, त्यामुळे तिच्या भरवशावर कुणी राहू नये. गोचीड चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत ताप येतो. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही, तेव्हा घरच्या आजाऱ्याला वाळीत टाकू नका.

दर वेळी नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतच का? गोव्यात मोठी प्रयोगशाळा बांधून टाकावी. (निवृत्त शिक्षक, म्हापसा)

गुरुजी, पूर्वीसारखी स्थिती आता राहिलेली नाही. मार्च २०२० मध्ये कोविडचे पहिले नमुने पुण्याला गेले, पण त्यानंतर लवकरच बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात तपासणी सुरू झाली. वटवाघळांकडून माणसांत येणाऱ्या निपाहसारख्या विषाणूवर काम करायला सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते. ती जिल्ह्याजिल्ह्यात काढण्याची गोष्ट नाही, आणि पुणे आपल्याला एका रात्रीच्या अंतरावर आहे.

खरी गळती मला वाटेतच दिसली. माझीच फजिती सांगतो. एका मे महिन्यात दोन तापकऱ्यांचे रक्त मी बर्फाच्या डब्यातून पाठवले. नळ्यांवर नावे साध्या पेनाने लिहिली होती. वाटेत बर्फ वितळला, शाई उतरली, कुठली नळी कुणाची ते कळेना. दुसऱ्यांदा रक्त घेईपर्यंत सुरुवातीचे दिवस निघून गेले होते. रक्तात विषाणू थेट सापडायचा तो त्याच दिवसांत. नंतर प्रतिपिंडे (अँटीबॉडी) दिसण्याची वाट पाहायची. त्या दिवसापासून न पुसणारे पेन माझ्या खिशातून हलले नाही. इमारतीला निधी मिळतो, उद्घाटन होते. पेनाचे उद्घाटन कोण करणार?

माझा छोटा दवाखाना आहे. तापाच्या रुग्णांची माहिती कळवा म्हणतात. त्या आकड्यांचे पुढे होते काय? (डॉक्टर, डिचोली)

देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण चालते. गावपातळीचा कर्मचारी लक्षणे कळवतो तो एस फॉर्म, डॉक्टरचा संशय तो पी आणि प्रयोगशाळेचा निकाल तो एल. आता हे सारे आयएचआयपी या संगणकीय मंचावर भरले जाते. तुमच्याकडचे तीन ताप तुम्हाला किरकोळ वाटतील. पण शेजारच्या दवाखान्यात तीन, पलीकडे चार, आणि सगळे एकाच वाड्यावरचे, हे तालुक्याला बसलेल्या माणसालाच दिसते. गोव्यात इतर राज्यांसारखी आशा कार्यकर्त्यांची फळी नाही. सगळी भिस्त एएनएम परिचारिका, बहुउद्देशीय कर्मचारी आणि तुमच्यासारख्यांवर.

मला धास्ती असते ती शून्याची. ‘पाहिले, कुणी आढळले नाही’ हे शून्य मोलाचे. न पाहता सवयीने लिहिलेले शून्य रकाना कोरा सोडण्यापेक्षा घातक, कारण त्यावर वरचे लोक निश्चिंत होतात. मी सलग सहा आठवडे एकाच शाईतली, एकाच बैठकीत काढलेली शून्ये पाहिली आहेत.

हल्ली ७-१-७ असा मापदंड वापरतात: साथ सुरू झाल्यापासून ७ दिवसांत ओळखा, १ दिवसात कळवा, पुढच्या ७ दिवसांत सुरुवातीची उपाययोजना उभी करा. केरळात २०१८ मध्ये पेरांब्र्याच्या एका घरातला दुसरा माणूस तसाच आजारी पडला, तेव्हा डॉक्टरांना हे नेहमीचे दुखणे वाटेना. त्यांनी नमुने मणिपालच्या प्रयोगशाळेला पाठवले, पुण्याने निपाहवर शिक्कामोर्तब केले. पुढल्या वर्षी एर्नाकुळमला एकच रुग्ण सापडला आणि साथ तिथेच थांबली. तुमच्याकडे एकाच घरातले दोघे सारख्याच चमत्कारिक तापाने आले, तर फॉर्मची वाट पाहू नका. फोन करा.

मोपा आणि दाबोळी विमानतळांवर ताप मोजणारे कॅमेरे बसवले की बाहेरचा रोग अडेल ना? (गृहिणी, वास्को)

थोडाफार. रोग अंगात असूनही ताप यायला दिवस लागतात आणि पॅरासिटामॉल कॅमेऱ्याला फसवते. घरी पोहोचल्यावर ताप आला तर डॉक्टरला कुठून आलो ते आधी सांगायचे, एवढे प्रवाशाच्या मनावर ठसले तरी पुष्कळ. डॉक्टरनेही विचारायला हवेच.

आमच्या वडावर वटवाघळे लटकतात. निपाहच्या भीतीने वड तोडायचे घाटते आहे. (वाचक, फोंडा)

कृपा करून तोडू नका. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या प्रतिपिंडांच्या खुणा पुण्याच्या शास्त्रज्ञांना मिळाल्या आहेत, म्हणून सावध राहणे योग्यच. पण हुसकलेली वटवाघळे चार नव्या वाड्यांवर पांगतील आणि बिथरलेल्या प्राण्यातून विषाणू बाहेर पडण्याची शक्यता वाढते. उष्टे फळ उचलू नका, झाडाखालची विहीर झाकून घ्या. बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसातून हा रोग लोकांत आला, तेव्हा तिथे मडक्यावर बांबूच्या जाळ्या बांधायला सुरुवात झाली. तुमच्या गावात माडाची सूर, म्हणजे माडी, काढणारे रेंदेर असतील, तर दामणे (सुरेचे मडके) झाकून ठेवायला त्यांना सांगा. वडाखाली एकदम बरीच वटवाघळे मरून पडलेली दिसली, तर वरच्या माकडाचे उत्तर पुन्हा वाचा.